दोनशे एक्केचाळीस किलो

आमच्या पोर्चमध्ये चपलांचा स्टँड, मोगऱ्याच्या दोन कुंड्या आणि एक मोटारसायकल असते. दूधवाला रोज तिला वळसा घालून येतो आणि आठवड्यातून एकदा तरी विचारतो, "आंटीजी, बेची नी अभी तक?" इंदूरच्या बोलीत 'नहीं'चा 'नी' होतो. तीस वर्षांत तो मलाही चिकटला आहे. मी म्हणते, "नी बेची, भिया."

गाडीचं नाव सुपर मिटिऑर ६५०, रॉयल एनफिल्डची. ६४८ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ४७ हॉर्सपॉवर, सहा गिअर आणि वजन २४१ किलो. हे आकडे आता मला पाठ आहेत. ती घरात आली तेव्हा मला एकच आकडा ठाऊक होता, तो म्हणजे किंमत. साडेतीन लाखांपासून सुरुवात, आणि विमा-रजिस्ट्रेशन होऊन रस्त्यावर येईपर्यंत चारच्या पुढे. त्या पैशात स्वयंपाकघर नवं झालं असतं. हे मी तेव्हा बोलूनही दाखवलं होतं, एकदा नव्हे, पुष्कळदा.

यांची नोकरी पिथमपूरला. एकतीस वर्षं राजेंद्रनगरच्या नाक्यावरून कंपनीची बस पकडली. राऊ, महू करत जायचं, अंधार पडता पडता यायचं. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवण्याचा रिवाज, पण बसमुळे यांचं हिवाळ्यातलं जेवण डब्यात, बसमध्येच. खिडकीतून बाहेर बघत चपातीची गुंडाळी खायची. त्या खिडकीतून म्हणे हे दुसऱ्यांच्या मोटारसायकली बघत असत. निवृत्त झाल्यावर मला हे कळलं. तीस वर्षं एका घरात राहून माणूस बसच्या खिडकीतून काय बघतो ते बायकोला ठाऊक नसतं.

मला गाड्यांचं वावडं होतं असं नाही. सांगलीला आमच्या अण्णांची येझदी होती. म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१पासून या गाड्या बनत. तिची एक गंमत म्हणजे किक आणि गिअर एकाच दांड्यावर. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, किक मारून पुढे पाडला की गिअर. आम्हा मुलींना अण्णा किक मारू देत, गिअर टाकू देत नसत. कॉलेजला मला लूना मिळाली. ५० सीसीची लूना १९७२ साली फिरोदियांनी काढली. अहमदनगरचे, आपल्याच समाजातले, म्हणून आमच्या घरात त्या गाडीकडे जरा जावयासारखं बघत. लग्न होऊन इंदूरला आले आणि किनेटिक होंडा घेतली. गिअर नाहीत, बटण दाबलं की सुरू. ती पिथमपूरलाच बने. पुढे तो कारखाना महिंद्राकडे गेला आणि २०१८पासून तिथे नव्या जावा बनू लागल्या. म्हणजे अण्णांची गाडी म्हैसूरला १९९६मध्ये बंद पडून शेवटी माझ्या स्कूटरच्या घरी येऊन राहिली. यांना आधी जावाच घ्यायची होती, पण मागे मी बसणार म्हणून मोठी पाहिली. निदान मला तसं सांगितलं.

क्रूझर म्हणजे काय हे ज्यांच्या घरी ती नाही त्यांच्यासाठी सांगते. बैठक जमिनीपासून खाली, हिची ७४० मिलिमीटर. पाय पुढे सोडलेले, पाठ ताठ, हात आरामात. आरामखुर्चीला चाकं लावावीत तसं. घाई असलेल्या माणसाची गाडी ही नव्हेच, पण घाई करायचीच ठरवली तर अंगात ताकद भरपूर. गैरसोय अशी, की पोटाखाली जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर जागा. आमच्या कॉलनीतल्या हौशी मंडळींनी घातलेल्या गतिरोधकांवर ती पोट घासते, आणि तो आवाज ऐकला की यांचा चेहरा स्वतःचं पोट घासल्यासारखा होतो.

२०२३चा उन्हाळा ते २०२४चा उन्हाळा आम्ही खूप फिरलो. मांडू, महेश्वर, सिद्धवरकूट. बावनगजाला दोनदा. पहाटे निघायचं, मानपूरचा घाट उतरायचा, खलघाटला नर्मदा ओलांडायची, ठीकरी-अंजडवरून बडवानी. डोंगरात कोरलेली ८४ फुटांची आदिनाथांची मूर्ती मी आधी बसच्या यात्रेत पाहिली होती, सत्तर बायका, अंताक्षरी आणि उलट्या. मोटारसायकलवरून जाताना सातपुडा आधी अंगाला लागतो, मग डोळ्यांना. मी वर्षभर कुरकुरले आणि एकदाही 'येत नाही' म्हटलं नाही.

कपड्यांचं मात्र अवघड गेलं. या खेळातलं सगळं सामान चामड्याचं. जाकीट, बूट, हातमोजे. कापडी जाळीचं जाकीट मिळालं, आत खांद्याला-कोपराला कडक पॅड असलेलं. बूट रेक्झिनचे मिळाले. हातमोज्यांनी छळलं. वरून कापड दिसतं आणि नेमकं तळव्याला चामडं निघतं. दुकानदार म्हणाला, "आंटी, इतना सा तो है." मी म्हटलं, इतना सा बकरी को भी इतना सा नी लगा होगा. तो हसला आणि त्याने वरच्या फळीवरची पेटी काढली, त्यात बिनचामड्याचे होते. विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही, हे खरं.

मे २०२४. महेश्वरहून परत येत होतो. राऊच्या अलीकडे डावीकडून एक मुलगी स्कूटरवर आली. हळूच आली, हात दाखवून आली. मला ती कधीची दिसत होती. हे वेग कमी करतील म्हणून मी वाट बघत होते. यांनी केला नाही. मी खांद्यावर जोरात थाप मारली, ब्रेक लागला, गाडी थरथरत थांबली. ती मुलगी आमच्यापासून हातभर अंतरावर होती. तिच्या ओढणीवरचे ठिपकेसुद्धा मला आठवतात.

"दिसली होती मला," हे म्हणाले.

दिसली नव्हती. मागे बसणाऱ्याला पुढच्याची मान कळते. मान त्या बाजूला वळलीच नव्हती.

त्यानंतर मी बघू लागले. डाव्या बाजूला ठेवलेला चहाचा कप यांना सापडत नव्हता. देवळाच्या दारात डावा खांदा चौकटीला लागला. आधीही लागत असेल, मी धांदरटपणा म्हणून सोडून दिलं असेल. मला कळलं होतं, आणि मी पंधरा दिवस बोलले नाही. त्या पंधरा दिवसांत हे तीनदा गाडी घेऊन गेले. बोलले असते तर गाडी जाणार, आणि गाडीबरोबर निवृत्तीनंतर आलेला तो हसरा माणूस जाणार, अशी भीती. दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या जिवावर मी माझ्या नवऱ्याचं हसू राखत होते. नावं ठेवायची असतील तर मला त्या पंधरा दिवसांसाठी ठेवा. बाकी जे पुढे केलं त्याला मी उत्तर देईन.

शेवटी चष्म्याचा नंबर काढायच्या निमित्ताने दवाखान्यात नेलं. यंत्रात डोकं घालून बसायचं, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. कागद छापून आला. उजव्या डोळ्याचा बराच स्वच्छ, डाव्याच्या कागदावर आषाढातलं आभाळ. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली नस हळूहळू मरते, दुखत नाही, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं. बायांनो, चाळिशीनंतर डोळ्याचा दाब मोजून घ्या, घरातल्यांचाही. नंबर काढणं निराळं आणि हे निराळं.

डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. दोन चाकी, चार चाकी, दोन्ही. कार माझ्याकडे आली. मोटारसायकल पोर्चमध्ये राहिली.

हे काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी बादली घेऊन बसत, गाडी पुसत. पाच मिनिटं सुरू करून ठेवत, बंद करत, किल्ली खिळ्याला लावत. पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, विकून टाका ना, आत्ता चांगली किंमत येईल." यांनीही म्हटलं, "विक तू, तुला जमेल तसं." त्या दिवशी जेवण अर्धवट ठेवलं. मी दोनदा जाहिरात लिहायला बसले, फोटो काढला, पुढे काही झालं नाही.

दिवाळीला गाडी सुरूच होईना. या गाडीला किक नाही. पेट्रोल पाठवणारा पंप, इंजिन चालवणारा मेंदू, सगळं बॅटरीवर. बॅटरी गेली की चार लाखांची गाडी म्हणजे पोर्चमधली घडवंची. मेकॅनिक घरी आला. तो म्हणाला ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. रविवारी पाच मिनिटं उभी ठेवून सुरू करणं म्हणजे उपकार नव्हे, अपकार. सुरू करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. इंजिन नीट तापत नाही, मग सायलेन्सरमध्ये पाण्याचा अंश राहतो आणि आतून गंजतं. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून टाकी अर्धी रिकामी ठेवून महिनोन् महिने गाडी उभी करायची नाही. टायर एकाच जागी दबून राहतात. "आंटीजी, इसको बीस-पच्चीस मिनट घुमाना पड़ेगा. हर हफ्ते."

घुमाना पड़ेगा. कोणी?

शेजारचा मुलगा तयारच होता. वीस मिनिटांसाठी किल्ली दिली, दोन तासांनी आला. बायपासला गेला होता म्हणे, 'थोडं खोलून बघायला'. हे दोन तास फाटकाशी उभे होते. पिथमपूरजवळ नॅट्रॅक्सची चाचणीची धाव आहे, सव्वाअकरा किलोमीटरची, २०२१मध्ये सुरू झाली, तिथे गाड्या जीव खाऊन पळवतात. त्याच्याबद्दल हे पूर्वी तासन् तास कौतुकाने सांगत. त्या दिवशी फाटकाशी मात्र तोंडातून शब्द नव्हता. मुलगा सुखरूप आला, गाडीही आली. दिव्याच्या काचेवर चिलटं-किडे चिकटून वाळले होते. ते ओल्या फडक्याने सोडवताना मी ठरवलं.

सांगलीला भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, काय खुळी झालीस काय? वय काय तुझं?" चोपन्न. "मग?" मग काय, लूना चालवायचे तेव्हा अठरा होतं, तेव्हाही तू हेच विचारलं होतंस.

माझ्या परवान्यावर बिनगिअरच्या दुचाकीची नोंद होती. गिअरवालीसाठी पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा चाचणी. शिकले १२५ सीसीच्या एका जुन्या गाडीवर, सकाळी सहाला, मैदानात. शिकवणारे हेच. यांना समोरचं दिसतं, बाजूचं नाही, म्हणून मैदानाच्या टोकाला भिंतीला पाठ लावून उभे राहत, हातात रुमाल. रुमाल वर म्हणजे गिअर वर. सकाळी फिरायला येणाऱ्यांची करमणूक झाली. जयपूरच्या वीनू पालीवाल मला त्या दिवसांत फार आठवत. हार्ले चालवायच्या, देशभर फिरायला निघाल्या होत्या, आणि २०१६च्या एप्रिलमध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, विदिशा जिल्ह्यात, अपघातात गेल्या. इतकी सराईत बाई. ती बातमी मी यांना तेव्हा वाचून दाखवली होती, गाडीचा विषय कायमचा मिटावा म्हणून. आता माझी मलाच वाचून दाखवत होते. दुसरीकडे पुण्याच्या रमाबाई लटपटे २०२३मध्ये नऊवारी नेसून मोटारसायकलवर जग फिरायला निघाल्या. मला दोन्ही टोकं नको होती. मला आठवड्याला पंचवीस मिनिटं हवी होती.

मोठी गाडी पहिल्यांदा हातात घेतली आणि तिसऱ्या मिनिटाला पाडली. उभ्या उभ्या, वळवताना. पाडली म्हणजे काय, ती कलली, मी धरू पाहिलं, आणि मग शहाणपणाने सोडून दिलं. २४१ किलो माणूस धरून ठेवू शकत नाही, पाय मात्र खाली सापडू शकतो. उचलायची युक्ती यांनी शिकवली. इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते. गिअरमध्ये टाकायची, म्हणजे घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून बैठकीला कंबर टेकायची, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा दांडा धरायचा, आणि पाठ ताठ ठेवून पायांनी मागे मागे रेटायचं. धान्याचं पोतं कमरेने भिंतीशी सरकवतो ना, तसंच. आमच्या आईने जन्मभर तेच केलं. गाडी उठली. हे टाळ्या वाजवत नव्हते, डोळे पुसत होते, आणि मी विचारलं तर म्हणाले थेंब घातलेत.

आता दर रविवारी मी पंचवीस मिनिटं राऊपर्यंत जाऊन येते. देखभालही माझ्याकडे आली, आणि खरं सांगते, त्यात मला चालवण्यापेक्षा जास्त रस आहे. पाचशे किलोमीटर झाले की चेन साफ करायची. मऊ ब्रश, जुन्या सुती साडीचे तुकडे. तारेचा ब्रश लावायचा नाही, चेनीच्या कड्यांत रबराच्या बारीक रिंगा असतात त्या फाटतात. मागचं चाक हाताने फिरवत राहायचं, इंजिन सुरू करून कधीच नाही, बोटं जातात. मग चेनीचा स्प्रे, आतल्या बाजूने. टायरची हवा गाडी थंड असताना बघायची. इंजिनाचं ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, आधी जे होईल ते. आमचं वर्षच आधी होतं. चातुर्मासात मी लांब जात नाही. रस्त्यावर जीवजंतू फार, आणि घाटात शेवाळ. दिवसाउजेडी जवळचीच एक फेरी, बाकीचे दिवस बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवते. रात्री तर कधीच काढत नाही, त्या काचेवरच्या किड्यांनंतर.

२०२५च्या दशलक्षणात आकिंचन्याच्या दिवशी मी परिग्रह-परिमाणाचा कागद लिहायला बसले. घर एक. सोनं इतकं. साड्या इतक्या. पुढे आलं 'यान'. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत तेही आहे. जुन्या आचार्यांनी रथ-पालख्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं असणार, पण सापडलो आपण. नणंदबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "वहिनी, कार आहे की. दुसरं कशाला हवंय? याला मोह म्हणतात." त्या चुकीचं बोलल्या असं मला म्हणता येत नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून करून दिलेली नाही, मूर्च्छेवरून दिली आहे. मग मूर्च्छा कुणाची, हा प्रश्न मी तिथे बसून पुष्कळ घोळवला. यांची? हे तर 'विक' म्हणून मोकळे झाले होते. वस्तू माझ्या हातात आली ती कुणाचं तरी दुःख जपायला, असं मी स्वतःला सांगत होते, आणि तेवढ्यात आठवलं, की चेन लखलखीत झाल्यावर मला काय वाटतं. कागदावर मी लिहिलं: वाहनं दोन. तीन वर्षांकरता. जन्मभरासाठी लिहायचा हात झाला नाही, आणि एकच लिहिण्याएवढी मी झाले नव्हते.

एक गोष्ट राहिली. हे मागे बसत नव्हते. वर्षभर नाही. "तू जाऊन ये, मी चहा टाकतो." लोक काय म्हणतील हा भाग होताच, बायकोच्या मागे बसलेला साठीचा गृहस्थ कॉलनीने पाहिलेला नाही. पण मला वाटतं त्याहून जास्त, माझा पंधरा दिवसांचा मुकेपणा मध्ये होता. दशलक्षणानंतर, क्षमावाणीच्या दिवशी, मी तो सांगितला. राऊची मुलगी, ओढणी, तुमची मान, सगळं. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मलाही कळलं होतं. त्याच्या आधीपासून." आम्ही दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली. तिची कुठे मागायची ते आम्हाला माहीत नाही.

नोव्हेंबरमध्ये एका रविवारी जाळीचं जाकीट घालून हे फाटकाशी उभे राहिले. गोम्मटगिरीपर्यंत जाऊ म्हणाले, विमानतळाच्या बाजूला आहे, फार लांब नाही. मागे माणूस बसला की गाडी निराळीच होते, ब्रेक उशिरा लागतो, वळण रुंद लागतं. सत्तर किलोंचा फरक पहिल्या सिग्नललाच कळला. हे मागून सूचना देत होते, "तिसरा टाक, इंजिन रडतंय." मी टाकला. सुपर कॉरिडॉर मागे टाकून गाव सुरू झालं. मी म्हटलं, "डावीकडे गहू पेरलाय, दोन बोटं वर आलाय." मग म्हटलं, "डावीकडून ट्रॅक्टर येतोय, थांबते." यांनी "हं" म्हटलं.

परत येताना कॉलनीच्या शेवटच्या गतिरोधकावर तिने पोट घासलं.

"हळू की जरा," हे म्हणाले, "मार्चमध्ये सर्व्हिसिंग आहे, तेव्हा खालून बघायला सांग त्याला. आणि चेन सैल वाटतेय मला."

मला वाटत नव्हती. घरी येऊन मोजली. सैल होती.